चाबूक एकाच्या हातात, लेखणी दुसऱ्याच्या

कामसाहित्यात मारणं, बांधणं, हुकूम सोडणं, अपमान ओढवून घेणं यांतून सुख मिळताना दाखवतात, ते कसं दाखवतात आणि ते पटतं कसं, असा प्रश्न आहे. सोबत एक पुरवणी: असं काही वाचताना ओढ वाटते, मग स्वतःचीच शंका येते, तर हे साहित्य म्हणजे हिंसेलाच चढवलेला मखमली अंगरखा आहे का?

मी संपादक आहे. लोकांची हस्तलिखितं वाचायची, काटायची, पुष्कळदा परत पाठवायची हे माझं काम, आणि त्यात शृंगारिक लेखनाचा वाटा पहिल्यापासून मोठा. मनाच्या डॉक्टरांसारखं उत्तर मला देता येणार नाही. पानावर काय घडतं ते सांगते.

पानावर पहिली अडचण येते ती वेदनेचीच. ती लिहिता येत नाही. इलेन स्कॅरी यांचा 'द बॉडी इन पेन' हा १९८५ चा ग्रंथ याच मुद्द्यावर उभा आहे: तीव्र वेदना भाषेला नुसती चकवत नाही, मोडून टाकते, माणूस शब्द सोडून किंकाळीवर येतो. नवखा लेखक हे विसरतो आणि विशेषणांवर तुटून पडतो. पहिला फटका 'जीवघेणा', दुसरा 'असह्य', मग तिसऱ्याला काय म्हणायचं? चौथ्यापर्यंत वाचक जांभई देत असतो. काही जण वेदना आणि सुख एकाच शब्दजोडीत कोंबून 'गोड वेदना' लिहितात आणि काम झालं असं समजतात. ते दोन शब्द शेजारी दिसले की मी लाल पेन उचलते.

जाणते लेखक फटक्याचं वर्णन फार थोडं करतात. त्यांची पानं भरतात ती फटक्याच्या आधीच्या वेळाने. थिओडोर राइक या मनोविश्लेषकाने १९४१ मध्ये आत्मपीडनावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. या वृत्तीत तीन गोष्टी हटकून सापडतात असं त्याचं निरीक्षण होतं: मनात रचलेला प्रसंग, ताणून धरलेली वाट, आणि कोणीतरी बघावं ही गरज. पुस्तकातलं बाकी बरंच आज जुनं वाटतं, पण ही तीन नावं वाचली की मला हसू येतं, कारण हीच तर कथाकाराची हत्यारं आहेत. प्रसंग रचायचा, लांबवायचा, कोणाला तरी दाखवायचा. या इच्छेला साहित्याची इतकी ओढ का, याचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं. ती मुळातच गोष्टीसारखी वागते.

लेओपोल्ट फॉन झाखर-माझोखची 'व्हीनस इन फर्स' ही १८७० ची छोटी कादंबरी उघडून बघा. तिच्यात अंगावरचे वळ मोजायला बसलात तर निराश व्हाल. तिथे आहेत पुतळे, तैलचित्रं, आरसे, खांद्यावरून घसरणारी फर, उचललेला पण अजून खाली न आलेला चाबूक. नायक सेव्हरिन वांडाकडे जितका बघत राहतो तितका तिचा स्पर्श मागत नाही. मध्येच एक चित्रकार येतो आणि तिला चाबकासकट रंगवायला घेतो. म्हणजे प्रसंग जागच्या जागी गोठवून ठेवायला लेखकाने एक माणूसच नेमला. फ्रेंच तत्त्वज्ञ जील देल्यूझ याने १९६७ मध्ये या कादंबरीवर दीर्घ निबंध लिहिला, त्यात हा गोठलेला क्षणच तिचा गाभा मानला आहे. मला ते पटतं. शृंगाराचं सगळंच लेखन थोडंफार उशिरावर चालतं; इथे उशिरालाच मुख्य भूमिका मिळाली आहे.

मार्की द साद या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाकडे हा उशीर नाही. 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी डेज ऑफ सोडोम' त्याने १७८५ मध्ये बास्तीच्या (बॅस्टिलच्या) तुरुंगात लिहिलं. कागदाचे तुकडे जोडून केलेली सुमारे बारा मीटर लांबीची गुंडाळी, दोन्ही बाजू बारीक अक्षरांनी भरलेल्या. ती छापली गेली १९०४ मध्ये. आराखडा असा की चार कथेकरी बायका प्रत्येकी दीडशे, म्हणजे एकूण सहाशे वासना वर्णन करणार. पहिला भाग नीट लिहून झाला आहे, उरलेले तीन म्हणजे क्रमांक घातलेल्या नोंदी. यादीने गोष्ट खाल्ली. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक हस्तलिखितांची हीच गत होते: तिसऱ्या प्रकरणापासून साधनांची जंत्री सुरू, आणि माणसं उरतात ती साधनं वापरून दाखवण्यापुरती. सादच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्याला माणसं नकोच होती. त्याला सत्ता दाखवायची होती, आणि सत्तेला बोलायची भारी हौस असते. त्याचे खलपुरुष दोन अत्याचारांच्या मधल्या वेळात निसर्ग, धर्म, कायदा यांवर पानंच्या पानं झोडतात. समोरच्या बळीला मात्र इच्छाच दिलेली नाही. ती असलेली त्यांना चालणारही नाही. 'जस्टिन' (१७९१) मधल्या मठवासी साधूंना आपण होऊन आलेली बाई नको असते, त्यांना अश्रूंची खात्री हवी असते.

एक जुना विनोद आहे. आत्मपीडक म्हणतो, 'मार मला.' परपीडक म्हणतो, 'नाही मारत, जा!' देल्यूझला तो विनोद मूर्खपणाचा वाटायचा, कारण त्याच्या मते ही दोन पात्रं एका गोष्टीत भेटतच नाहीत. सादच्या छळकाला 'नको' म्हणणारं कोणीतरी लागतं. माझोखच्या नायकाला छळणारी व्यक्ती आधी घडवावी लागते: तिची समजूत घालावी लागते, तिला वेष द्यावा लागतो, शिकवावं लागतं. दोघांना 'सॅडोमॅसोकिझम' या एकाच जोडशब्दात बसवायची सवय आपल्याला नंतर लागली. ग्रंथालयात त्यांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवायला माझी हरकत नाही.

मग वेदनेतलं सुख पानावर पटतं केव्हा? इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मी एकच खूण बघते. चाबूक कोणाच्या हातात आहे ते कोणीही सांगेल. लेखणी कोणाच्या हातात आहे ते बघायचं. या साहित्यातल्या टिकून राहिलेल्या कृतींत, सादचा अपवाद सोडला तर, शरण जाणारी व्यक्तीच प्रसंग लिहीत असते. करार तिचा, अटी तिच्या, आठवण तिची, कित्येकदा अख्खं पुस्तकच तिचं. सुख असतं ते या दुहेरी स्थितीत: मी सगळं सोडून दिलंय, आणि काय सोडायचं हे मीच ठरवलंय.

माझोखने हे कादंबरीबाहेर करूनही दाखवलं. १८६९ मध्ये त्याने फॅनी पिस्टर या लेखिकेशी खरोखरीचा लेखी करार केला: सहा महिने तो तिचा गुलाम, तिचा प्रत्येक हुकूम पाळणार, आणि तिने शक्य तितक्या वेळा फर घालायची. पण त्याच कागदावर आणखी एक अट आहे. त्याच्या लेखनासाठी त्याला दिवसाचे सहा तास मोकळे मिळाले पाहिजेत, आणि त्याच्या पत्रांना व कागदांना तिने हात लावायचा नाही. गुलामगिरीच्या करारात सुटीची तरतूद! हसू येतं खरं, पण सगळं रहस्य तिथेच आहे. देहाची मालकी दिली, टेबलाची नाही दिली.

याची दुसरी बाजू फार थोडे वाचतात. पुढे अरोरा र्‍युमेलिन ही बाई माझोखची बायको झाली, कादंबरीतल्या नायिकेचं वांडा हे नावही तिने घेतलं, आणि १९०६ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. त्यात दिसते ती छळणारी सम्राज्ञी नव्हे. दिसते ती पैशाची ओढाताण, मुलं, आणि नवऱ्याच्या आग्रहाखातर नको असताना फर चढवून चाबूक हातात घेणारी, परपुरुष शोधायला भाग पाडली जाणारी बाई. म्हणजे चाबूक तिच्याकडे आणि सक्ती त्याची. तिचं सगळंच प्रमाण मानावं असं मी म्हणत नाही. आत्मचरित्र लिहिणारा प्रत्येक जण स्वतःचा वकील असतो. पण मालकिणीची भूमिका करणाऱ्या व्यक्तीला ती भूमिका हवी आहे का, हा प्रश्न तिने कायमचा उभा करून ठेवला. आज माझ्याकडे येणाऱ्या लेखनात याचीच वानवा असते. वर्चस्व गाजवणारं पात्र म्हणजे घडीव दगड. त्याला कंटाळा येत नाही, भीती वाटत नाही, हात दुखत नाही. ज्याच्यावर दुसऱ्याने इतका भार टाकलाय त्याला आतून काय वाटतं, हे लिहिणारा लेखक भेटला की मी त्याला जेवायला बोलवायच्या बेतात असते.

फ्रान्समधलं १९५४ चं 'स्टोरी ऑफ ओ' हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड पुस्तक. लेखिकेचं नाव छापलं होतं पोलीन रेआज. बाईने असं लिहिलंच नसेल, हा कोणीतरी पुरुष आहे, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालली. १९९४ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात, दोमिनिक ओरी या प्रकाशनव्यवसायातल्या प्रतिष्ठित संपादिकेने जाहीरपणे सांगितलं की ते पुस्तक आपलं. (आमच्या धंद्यातली बाई, हे वाचून मला झालेला आनंद लपवत नाही.) ते तिने छापण्यासाठी लिहिलंच नव्हतं. झाँ पोलाँ हा तिचा प्रियकर, वयाने बराच मोठा, साहित्यातलं बडं प्रस्थ. तो दुरावेल या धास्तीने तिने रात्री अंथरुणात पडून पेन्सिलीने वह्या भरल्या आणि त्याला पाठवत राहिली. पुढे पुस्तकाला प्रस्तावनाही त्यानेच लिहिली. १९५५ मध्ये पुस्तकाला दे मागो हा साहित्यपुरस्कार मिळाला, आणि सरकारने त्याच्या जाहिरातीवर बंदी घातली.

कादंबरीत नायिकेला पूर्ण नावही नाही, 'ओ' हे एक अक्षर आहे. ती फार थोडं बोलते. तिच्यावर जे होतं ते क्रूर आहे, आणि अँड्रिया ड्वर्किन यांनी १९७४ मध्ये या पुस्तकावर जी कठोर टीका केली तिच्यातला राग मला समजतो. नायिका आपली माणूस म्हणून असलेली ओळखच पुसून टाकते आणि पुस्तक त्याला प्रेमाची परमावधी म्हणतं. पण निवेदन ऐका. वाक्यं थंड, नेटकी, जवळजवळ धर्मग्रंथासारखी. सुरुवात दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगितली आहे, शेवटही दोन दिले आहेत. म्हणजे सांगणारी सतत आठवण करून देते की हे मी रचते आहे, हवं तर असं, हवं तर तसं. 'ओ' हिला काही ठरवता येत नाही. तिला लिहिणारी मात्र सगळं ठरवते, आणि ज्या पुरुषाला खिळवून ठेवायचं आहे तो रोज पुढच्या पानाची वाट बघतोय. वाट बघायला लावणारा कोण आणि बघणारा कोण, याची उलटापालट इथे पुस्तकाच्या बाहेर झालेली आहे. नायिकेच्या जागी स्वतःला ठेवून वाचलं तर पुस्तक गुदमरवतं, लेखिकेच्या जागी ठेवून वाचलं तर त्यातली उर्मट सत्ता जाणवते. चांगला वाचक दोन्ही करतो, आणि त्याला दोन्हींचा त्रास होतो.

हे सगळं युरोपचं खूळ आहे असं कोणी म्हणेल, म्हणून थोडं मागे जाऊ. बाराव्या शतकात जयदेवाने 'गीतगोविंदा'च्या दहाव्या सर्गात कृष्णाला रुसलेल्या राधेसमोर उभं केलं आहे. तो माफी कशी मागतो? खरंच रागावली असशील तर नेत्रांच्या बाणांनी मार, बाहूंनी बांध, दातांनी चाव, आणि तुला जे सुखाचं वाटेल ते कर. याच गीतात पुढे तो तिचं पाऊल आपल्या मस्तकावर मागतो. शिक्षेची मागणी अपराध्याची, शिक्षांची यादीही त्याचीच, आणि प्रत्येक शिक्षा म्हणजे आलिंगन. भक्तीच्या अंगाने वाचा किंवा शृंगाराच्या, मुद्दा तोच राहतो: खाली वाकलेलाच कविता म्हणतो आहे.

वात्स्यायनाचं वळण वेगळं. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय प्रहणन (रतीतले प्रहार) आणि सीत्कार (त्यावर निघणारे उद्गार) यांवर आहे. आरंभीच तो सुरताला, म्हणजे संभोगाला, कलहाचं रूप म्हणतो, कारण काम स्वभावानेच वाकडा आणि भांडखोर. मग खांदे, मस्तक, पाठ अशा जागा सांगतो, हाताचे चार प्रकार सांगतो, आणि त्यावर उमटणाऱ्या आवाजांची वर्गवारी देतो. नखक्षत आणि दंतक्षत यांना तर याआधी स्वतंत्र अध्यायच दिलेले आहेत. आज आपण ज्याला चमत्कारिक म्हणून बाजूला काढतो ते त्याच्याकडे अभ्यासक्रमाचा भाग आहे.

पण दोन जागी मी थांबते. एक म्हणजे, त्या उद्गारांच्या यादीत 'आई गं', 'नको', 'सोड', 'पुरे' अशा अर्थाचे शब्दही बसवले आहेत. इथे खरा धोका आहे. नकाराला एकदा शृंगाराचा अलंकार मानलं की खरा नकार ओळखायचा कसा? पुढच्या कित्येक शतकांतल्या लेखनाने ही सोय बिनदिक्कत वापरली, आणि 'नाही म्हणजे हो' हा किडका वाक्प्रचार तिच्यावरच पोसला. आजचे या वाटेने जाणारे लोक हा पेच फार व्यवहारी रीतीने सोडवतात. आधीच एक शब्द ठरवतात, ज्याचा प्रसंगाशी काही संबंध नाही. 'लाल' म्हटलं की सगळं तिथल्या तिथे थांबणार. मग 'नको' मनसोक्त ओरडायला मोकळीक. कादंबरीत दर पानावर असा शब्द पेरायची गरज नाही, सूचनाफलक वाचायला कोणी कादंबरी घेत नाही. मात्र हा 'पुरे' कोणता आणि तो 'पुरे' कोणता, हे वाचकाला कळलं पाहिजे. तेवढं कळलं नाही की मी हस्तलिखित परत पाठवते, भाषा कितीही देखणी असो.

दुसरी जागा म्हणजे त्याच अध्यायातली अपघातांची नोंद. 'कीला' या प्रहाराने चोल राजाच्या हातून चित्रसेना गणिका मेली. कुंतलाच्या शातकर्णी सातवाहनाने 'कर्तरी'ने मलयवती राणीचा जीव घेतला. हात अधू असलेल्या नरदेवाने 'विद्धा' चुकीची मारून एका नटीचा डोळा फोडला. वात्स्यायन हे प्रहार सांगतो आणि लगेच त्यांना कष्टदायक, अनार्य, अनादरणीय ठरवतो. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खुंट किंवा खड्डा दिसत नाही, तसं रतीच्या भरात माणसाला आघाताचं भान राहत नाही. म्हणून स्वतःचं बळ आणि समोरच्याची कोवळीक ओळखून वागावं, असं तो बजावतो. रंगात आलेलं वर्णन मध्येच थांबवून मेलेल्यांची नावं वाचून दाखवणारं दुसरं कामशास्त्र माझ्या वाचनात नाही. आधुनिक शृंगारिक कादंबरीत शरीर रबराचं असतं: वळ उमटतात आणि पुढच्या परिच्छेदात मावळतात, कोणी आजारी पडत नाही, हाताला मुंग्या येत नाहीत. वात्स्यायनाला शरीर मोडतं हे माहीत होतं.

जुनिचिरो तानिझाकीच्या 'शुनकिनशो' (१९३३) या दीर्घकथेत माझा जीव अडकला आहे. शुनकिन ही ओसाकाची अंध, रूपवान, कमालीची गर्विष्ठ वादक. सासुके तिचा नोकर, मग शिष्य, मग सर्व काही. ती त्याला शिकवताना मारते, फटकारते, त्याने रडलेलंही तिला खपत नाही. एका रात्री कोणीतरी तिच्या चेहऱ्यावर उकळतं पाणी ओततं. आता हा चेहरा तू बघू नयेस, असं ती म्हणते. सासुके सुईने स्वतःचे दोन्ही डोळे फोडून घेतो आणि तिला येऊन सांगतो की मीही आंधळा झालो. त्या क्षणी तो जितका सुखी आहे तितकं सुखी पात्र मी क्वचितच वाचलंय. वेदनेबद्दल तानिझाकी जवळजवळ काही लिहीत नाही.

आणि इथेही लेखणीचा तोच खेळ. शुनकिनची ही कहाणी निवेदकाला कळते ती मुख्यतः एका लहानशा चरित्रपुस्तिकेतून, आणि ती पुस्तिका सासुकेनेच लिहवून घेतली असावी असं निवेदक सांगतो. मग तिचं क्रौर्य किती तिचं आणि किती त्याला हवं होतं म्हणून वाढवलेलं? पाणी कोणी ओतलं याबद्दलही वाचकाच्या मनात शंका घोळत राहते. डोळे गेल्यावर सासुकेपाशी शुनकिनचं अढळ, न भाजलेलं रूप राहिलं, जे खऱ्या शुनकिनलाही मोडता येणार नव्हतं. शरणागतीने इतकी संपूर्ण मालकी मिळवलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. अंगावर काटा आणणारी आहे ती, आणि सुंदरही.

लेखणी हातात असूनही सगळं कोसळू शकतं, हे दाखवणारी कादंबरी म्हणजे एल्फ्रीडे येलिनेकची 'द पियानो टीचर' (१९८३). व्हिएन्नातली पियानो शिकवणारी एरिका कोहुट, तिच्यावर पहारा ठेवणारी आई, आणि तिच्यामागे लागलेला विद्यार्थी वाल्टर क्लेमर. एरिका त्याला पत्र लिहिते: मला कसं बांधायचं, काय करायचं, मी विनवलं तरी ऐकायचं नाही. माझोखच्या नायकासारखीच ती आपला छळ स्वतः लिहून देते. पण क्लेमर हा वांडा नाही. त्याला ते वाचून किळस येते, अपमान वाटतो, आणि नंतर तो तिच्या घरात घुसून तिला मारतो, तिच्यावर बलात्कार करतो, वर तिच्याच पत्रातली वाक्यं तिला ऐकवतो. कृत्यं बरीचशी पत्रातलीच, पण आता त्यांतून तिला काही मिळत नाही, कारण ती तिची राहिलेली नाहीत. इच्छेतली हिंसा आणि खरी हिंसा यांतला फरक कृतीत नसतो, हे इतकं निर्दयपणे कोणी सांगितलेलं नाही. येलिनेकची भाषा वाचकाला एक क्षणही सुखावू देत नाही, म्हणून पुष्कळ जण हिला कामसाहित्य म्हणायला तयार नसतात. मी म्हणते, आणि या विषयावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी ही वाचायला सांगते.

लोकप्रिय लेखनाबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये आलेल्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'ने हा विषय विमानतळावरच्या दुकानांपर्यंत नेला. तिथेही करार आहे, पण तो लिहिलेला आहे धनाढ्य पुरुषाने. नायिका त्यावर घासाघीस करते आणि सही करतच नाही. मला ते घासाघिशीचे प्रसंग त्या कादंबरीतले सर्वांत जिवंत वाटतात, कारण तेवढ्यापुरती लेखणी तिच्या हातात येते. खटकतं ते पुढचं. त्याची आवड ही त्याच्या होरपळलेल्या बालपणाची जखम ठरते आणि तिचं प्रेम हे औषध. म्हणजे तीन खंड ज्या इच्छेवर विकले गेले तिलाच शेवटी रोग म्हणून दाखवायचं. या एका साच्याची इतकी हस्तलिखितं त्यानंतर आली की 'लहानपणी त्याच्यावर...' असं वाक्य सुरू झालं की मी पान उलटते.

रोगाचा विषय निघालाच आहे तर पुरवणी प्रश्नाकडे वळते. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा प्रसिद्ध ग्रंथ १८८६ मध्ये आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याने माझोख जिवंत असतानाच त्याच्या नावावरून विकाराचं 'मॅसोकिझम' हे नाव पाडलं. म्हणजे वैद्यकाने हे प्रकरण आधी कादंबऱ्यांतूनच उचललं. तिथून परत यायला शतकाहून अधिक काळ लागला. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत वेगळी आवड आणि विकार यांत भेद केला आहे: त्या आवडीचा त्या माणसालाच जाच होत असेल किंवा दुसऱ्यावर सक्ती होत असेल, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ पासून लागू झालेलं वर्गीकरण आणखी पुढे गेलं: प्रौढांमधलं संमतीचं वेदनासुख त्यात विकार म्हणून उरलेलं नाही, जबरदस्तीचं परपीडन उरलं आहे.

तेव्हा वाचताना ओढ वाटली म्हणून स्वतःवर खटला भरायचं कारण नाही. वाचताना आपण एकाच वेळी बांधलेले असतो, बांधणारेही असतो, आणि पुस्तक मिटायची मुभा असलेले तिसरेही असतो. ही तिसरी जागा प्रत्यक्षात कोणालाच मिळत नाही. म्हणूनच जे पानावर आवडतं ते अंगावर आवडेलच असं नाही, आणि आवडलंच पाहिजे असंही नाही. शंका घ्यायचीच तर पुस्तकाची घ्या: यातल्या सोसणाऱ्याला इच्छा दिली आहे का, की नुसतं शरीर? त्याच्या नकाराला कुठे जागा आहे का? प्रसंग झाल्यावर लेखक पळून जातो का? शेवटचा प्रश्न मी हस्तलिखिताच्या समासात सर्वाधिक वेळा लिहिते. नंतरचा अर्धा तास, उतरलेला ज्वर, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, लाज, भूक, नको असलेली बडबड, हे सगळं गाळून थेट 'दुसऱ्या दिवशी सकाळी' अशी सुरुवात केली की वेदनेची सगळी किंमत कागदावरून पुसली जाते.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर तानिझाकीपासून करा. एका बैठकीत संपतो आणि किती सहन होतं त्याचा अंदाज देतो. मग माझोख, आणि शक्य झालं तर लगेच त्याच्या बायकोचं आत्मचरित्र. 'स्टोरी ऑफ ओ' त्यानंतर, येलिनेक सर्वांत शेवटी, मन ठिकाणावर असेल तेव्हा. सादला थेट हात घालू नका. त्याच्यावरचा सिमोन द बोव्हारचा निबंध किंवा अँजेला कार्टरचं 'द सेडियन वुमन' आधी वाचा. मूळ साद पन्नास पानांनंतर बहुतेकांना कंटाळवाणा होतो, आणि तिथे तो खाली ठेवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.